दिवा कुणासाठी?

"दादा, फूल पांढरं पडलंय." असा फोन मला दोन मोसमांत हमखास येतो, एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीनंतर. उन्हाळ्याचं कारण पाण्याची गरमी, ते कुणालाही पटतं. दिवाळीनंतरचं कारण नवा दिवा, ते कुणालाच पटत नाही. बोनस झालेला असतो, ऑनलाइन सेल लागलेला असतो, आधीच्या दुप्पट ताकदीचा एलईडी टँकवर येऊन बसतो आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत चांगलं तपकिरी-हिरवं अ‍ॅनिमोन पांढरंफटक होतं. "अहो, पण मी तर उलट प्रकाश वाढवला!" हे त्यानंतरचं ठरलेलं वाक्य. तेच तर झालं, असं माझ्या तोंडावर येतं. पण गिऱ्हाईक आहे. मी चहा घेतो आणि आधी दिव्याचा टायमर बघतो.

मी मूळचा वायरमन. आयटीआय झाल्यावर ठाण्यात घरगुती फिटिंगची कामं करायचो. एका बंगल्यात माशांच्या टाकीचं वायरिंग करायला गेलो आणि तिथेच अडकलो. आता खाऱ्या पाण्याच्या टँकची देखभाल हाच धंदा. ठाणे, मुलुंड, पवई, दादर हा माझा पट्टा. या लाइनीत बरेच जण मासे पाळता पाळता येतात, मी बोर्ड आणि चोकच्या बाजूने आलो. म्हणून असेल, कुणाच्याही हॉलमध्ये शिरलो की मला मासा नंतर दिसतो, दिवा आधी. आणि घरच्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन का टिकत नाही याचा माग काढत गेलं तर वाट बरेचदा दिव्यापाशीच येऊन थांबते, असं माझं मत आहे.

ज्यांनी अ‍ॅनिमोन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' आला. त्यातला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, क्लाउनफिश, ज्या झुलत्या गुच्छात राहतो ते अ‍ॅनिमोन. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी, प्रवाळाच्या नात्यातला. खाली चिकटून बसायला मांसल पाय, वर चकती, चकतीच्या मधोमध तोंड आणि भोवती लांब तंतू. मी त्यांना बोटंच म्हणतो. तोंड एकच, खाल्लेलं तिथूनच आत, नको ते तिथूनच बाहेर. बोटांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक गुंडाळलेला धागा, स्पर्श झाला की तो सुटतो आणि टोचतो. आपल्या तळहाताची कातडी जाड, तिथे फक्त चिकटल्यासारखं लागतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लागलं तर दोन दिवस खाज. याला कुणी हसण्यावारी नेऊ नये. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अ‍ॅनिमोनचंच विष कुत्र्यांना टोचून बघितलं, तेव्हा दुसऱ्यांदा दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने कुत्री दगावली. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, त्यातून समजली आणि रिशे यांना १९१३ साली नोबेल मिळालं. ज्याला अ‍ॅलर्जीचा त्रास आहे त्याने हातमोज्याशिवाय टँकमध्ये हात घालू नये, हे मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

अ‍ॅनिमोनच्या जगात हजारावर जाती आहेत. त्यातल्या क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या मोजून दहा, आणि घरच्या टँकमध्ये येतात त्या मुख्यतः याच. नवख्याने बबल टिप घ्यावं. त्याच्या बोटांची टोकं फुग्यासारखी टपोरी होतात, कधी महिनोन्महिने सरळही राहतात. त्यावरून घाबरायचं काही नसतं. कार्पेट अ‍ॅनिमोन आणि मॅग्निफिका ही देखणी, पण नवख्या हातांसाठी नाहीत.

आता दिव्याकडे येतो. दादरला माझे एक गिऱ्हाईक आहेत, निवृत्त प्राध्यापक. मी सुचवलेल्या दिव्याची किंमत ऐकून त्यांनी मला एडिनबर्गच्या 'ग्रॅनी'ची गोष्ट ऐकवली. सर जॉन डॅलियेल नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक अ‍ॅनिमोन आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१ मध्ये डॅलियेल वारले, बरणी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. ते अ‍ॅनिमोन मेलं १८८७ साली. एकोणसाठ वर्षं बरणीत! "ना तुमचा एलईडी, ना पंप. स्कॉटलंडचं ढगाळ आभाळ आणि खिडकीतला उजेड. बोला आता," सर म्हणाले.

गोष्ट खरी आहे. पण ग्रॅनी ज्या जातीची होती ती बीडलेट अ‍ॅनिमोन, थंड समुद्रातली. तिच्या अंगात शैवाल नसतं. ती जगते शिकारीवर, मालक जे भरवेल त्यावर. उष्ण समुद्रातल्या आपल्या अ‍ॅनिमोनची गोष्ट वेगळी. त्यांच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली. अ‍ॅनिमोनचा तो तपकिरी रंग या शैवालाचाच असतो. मी सरांना म्हणालो, हे पागडीचे भाडेकरू आहेत. उजेड असेल तोवर रोज साखरेत भाडं देतात, उजेड गेला की भाडं बंद आणि घरमालक उपाशी. सर हसले. दिवा मात्र पुढच्या महिन्यात घेतला.

म्हणजे दिवा अ‍ॅनिमोनसाठी नसतो, बघणाऱ्यासाठी तर नसतोच. तो त्या शैवालासाठी असतो. शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं, तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा अ‍ॅनिमोनला मिळतो, आणि अ‍ॅनिमोनच्या अंगातला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया शैवालाला खत म्हणून लागतो. प्रकाश कमी पडला तर शैवाल हळूहळू विरळ होतं. अ‍ॅनिमोन मान उंचावल्यासारखं लांब होतं, मग पाय सोडून चालू लागतं आणि वरच्या काचेला जाऊन चिकटतं. प्रकाश एकदम वाढला, किंवा पाणी तापलं, तर उलटं होतं. शैवालाला एवढा उजेड पचवता येत नाही, त्याच्यात ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊ लागतात आणि अ‍ॅनिमोन ते शैवालच बाहेर टाकतं. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले ते याच रीतीने, तिथे कारण समुद्राची गरमी होती. पांढरं पडलेलं अ‍ॅनिमोन लगेच मेलेलं नसतं. त्याची रोजची मिळकत थांबलेली असते.

पुरेसा प्रकाश म्हणजे किती? इथे माझ्या जुन्या धंद्याने मला बराच काळ चुकवलं, कारण माझ्या पेटीत लक्स मीटर होता. लक्स आणि बल्बच्या खोक्यावर छापलेले लुमेन ही दोन्ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी आहेत. आपला डोळा सर्वात तिखट असतो पोपटी-हिरव्या रंगाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. शैवालाला हवा असतो मुख्यतः निळा, ४५० च्या जवळपासचा. त्यामुळे निळा एलईडी आपल्याला मंद वाटतो, लक्स मीटरलाही मंद वाटतो, आणि शैवालाला मात्र तो भरपेट असतो. वॅटचं तर विचारूच नका. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. तळाशी प्रकाश किती पोचवतो ते वॅट सांगत नाही. दोन दिवे सारख्याच वॅटचे असून एकाच्या काचेचा कोन रुंद, दुसऱ्याचा अरुंद, तर तळाशी पडणाऱ्या उजेडात दुपटीचा फरक सहज पडतो.

त्यासाठी पार मीटर लागतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचे, किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात ते तो मोजतो, मायक्रोमोलमध्ये. उष्ण प्रदेशात भर दुपारचं ऊन सुमारे २००० भरतं. बबल टिपसाठी मी तोंडाच्या उंचीवर १५० ते २५० धरतो. कार्पेटला याहून थोडा जास्त, मॅग्निफिकाला ३०० च्या वर. मीटर महाग आहे, एका टँकसाठी कुणी घेऊ नये. पण दिवा लावताना ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एकदा मोजून घ्यावं आणि आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवावेत: पाण्याच्या वरच्या थराशी किती, मधल्या खडकावर किती, वाळूवर किती. दोन फूट खोल टँकमध्ये वर चारशे आणि वाळूवर शंभराच्या आत, असं चित्र अगदी नेहमीचं. याचा फायदा असा, की एकाच दिव्याखाली अ‍ॅनिमोनला निवड करता येते. खडकांची रचना पायऱ्यापायऱ्यांची ठेवली, एखादी कपार सावलीत ठेवली, तर ते आपली जागा आपण शोधतं. आपण त्याला उचलून 'इथे छान दिसतं' म्हणून जिथे ठेवतो, तिथे ते बहुधा राहत नाही.

रंगाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पाणी लाल रंग सर्वात आधी गिळतं, पहिल्या काही मीटरमध्येच; निळा खोलवर जातो. खडकाच्या रीफवर जगणाऱ्या शैवालाला म्हणून निळ्याची सवय. घरातल्या पिवळसर बल्बचं रंगमान साधारण ३००० केल्व्हिन असतं, पांढऱ्या ट्यूबचं ६५०० आणि रीफ टँकचे दिवे १४ ते २० हजारांत चालतात. टँकवाल्यांच्या आईवडिलांना तो निळा उजेड मुळीच आवडत नाही. "हॉल आहे की डिस्को?" असं पवईच्या एका काकूंनी मला विचारलं होतं. त्यांच्यासाठी संध्याकाळी दोन तास पांढरा चॅनेल वाढवून दिला, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मोबाइलच्या अ‍ॅपमुळे. पाहुणे आले की मुलगा बोटाने सगळे चॅनेल शंभर टक्क्यांवर नेतो आणि पाहुणे गेल्यावर खाली आणायचं विसरतो. मी आता पासवर्ड टाकून देतो.

निळ्या उजेडात बबल टिपचे लाल-हिरवे रंग पेटल्यासारखे दिसतात, ते शैवालाचे नव्हेत. ती अ‍ॅनिमोनची स्वतःची चमकणारी प्रथिनं. याच बबल टिपमधून शास्त्रज्ञांनी लाल चमकणारी प्रथिनं वेगळी काढली आणि आता ती जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींवर खूण करायला वापरतात. दिवाणखान्यातल्या प्राण्याची ही ओळख मला फार आवडते.

आणि आता दिवाळीच्या फोनचा उपाय. नवं अ‍ॅनिमोन असो किंवा नवा दिवा, सुरुवात कमीवर करायची. अ‍ॅनिमोनच्या जागेवर ८० ते १०० पार मिळेल इतक्यावर, मग आठवड्याला थोडं थोडं वाढवत चार-सहा आठवड्यांनी ठरलेल्या आकड्यावर. दिव्याला मंद करायची सोय नसेल तर तो फूटभर वर टांगायचा. तेही जमत नसेल तर खिडकीला लावतात ती मच्छरजाळी दिव्याखाली चार पदरी ताणायची आणि दर आठवड्याला एक पदर काढायचा. फुकटातला उपाय आहे, आणि महागड्या अ‍ॅपइतकाच चालतो.

तास किती? निळा दहा-अकरा तास, पूर्ण जोर त्यातले सात-आठ. टायमर लावा, हाताने चालू-बंद करू नका. ऑफिसवाले रात्री नऊला घरी येतात आणि त्यांना टँक काळोखात सापडतो, मग ते दिवा बारापर्यंत ओढतात. त्यापेक्षा अख्खा दिवसच सरकवावा: दुपारी एकला उजाडेल, रात्री अकराला मावळेल. शैवाल घड्याळ बघत नाही, त्याला रोज तीच वेळ आणि नंतर पूर्ण अंधार मिळाला की पुरे. अंधारात अ‍ॅनिमोन आक्रसतं, कधी मुठीएवढं होतं; नवा मालक रात्री पाणी प्यायला उठतो आणि मला मेसेज टाकतो. सकाळी ते पुन्हा फुललेलं असतं.

दिव्याच्या काचेवर मिठाचा थर बसतो, तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावा. वर्षभर न पुसता एके दिवशी लख्ख पुसलात, तर तोही अ‍ॅनिमोनला नवा दिवाच.

पाण्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती दुकानदारही बरी देतात. टँक सहा महिने तरी चाललेला असावा. तापमान २५ ते २७ अंश, क्षारता ३५, म्हणजे घनता १.०२५-१.०२६. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट थोडं असलेलं चालतं, उलट अगदी शून्य असलेलं चालत नाही, कारण शैवालाला खत लागतं. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी आणून भरणारे लोक मला अजून भेटतात. जुलैमधलं मुंबईचं समुद्राचं पाणी गढूळ असतं आणि नाल्या-खाड्यांच्या पाण्याने पातळ झालेलं असतं, त्याचा टँकला काही उपयोग नाही.

गरमीला मात्र जागा द्यायला हवी. जुने लोक मेटल हॅलाइड वापरायचे, २५० वॅटचा एक दिवा म्हणजे पाण्यावर शेगडीच. एलईडीने तो ताप गेला, पण मुंबईचा मे महिना राहिलाच. पुण्याला किंवा नगरला कोरडी हवा असते, तिथे पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. आमच्याकडे हवेतच पाणी भरलेलं, पंखा नुसताच फिरतो. मुंबईत अ‍ॅनिमोन ठेवायचं तर चिलरचे पैसे धरूनच हिशेब करावा; चिलर परवडत नसेल तर अ‍ॅनिमोन घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो आणि त्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली आहेत. गरमी वाढलेली असेल त्या दिवसांत दिवा उलट थोडा मंद करावा, कारण ताप आणि तीव्र उजेड मिळून शैवालाला जास्त जाचतात. वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका. दोन दिवस अंधारात काही होत नाही. पाणी हलायचं थांबलं आणि प्राणवायू संपला की मात्र काही तासांत टँक आटोपतो. म्हणून इन्व्हर्टरवर दिवा नाही, पंप लावायचा.

विकत घेताना बघायचं ते तोंड. घट्ट मिटलेलं असावं. उघडं, सैल, आतलं बाहेर आलेलं नको. पाय फाटलेला नको, बोटं चिकट हवीत. आणि रंगाला भुलू नका. दुकानात पांढरंशुभ्र, टोकाला जांभळं अ‍ॅनिमोन दिसलं की घरच्या बाईसाहेब तेच मागतात, आणि ते नेमकं शैवाल गमावलेलं असतं. भडक पिवळं असेल तर त्याला रंग पाजलेला असण्याचा संभव जास्त. अशाला वाचवता येतं, पण महिने जातात: मंद उजेड, आठवड्यातून दोन-तीनदा नखाएवढा घास. आधीच शैवाल थोडं उरलेलं, त्याच्यावर पूर्ण जोराचा दिवा सोडला तर तेही जातं.

किनाऱ्यावरून उचलून आणायचं मात्र मनातही आणू नये. ओहोटीला मुंबईच्या खडकांत अ‍ॅनिमोन दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना ती दाखवत फिरतात, त्यांच्याबरोबर जाऊन बघावीत. गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीवर वाढलेला तो जीव काचेत का कोंडावा? मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि कठीण प्रवाळ तर देशभर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत. दुकानदार काहीही सांगो, तो दगड घरात आणू नका. क्लाउनफिशही हॅचरीतलाच मागा; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास केव्हाच जमवली आहे.

खाण्याबद्दल. दिवा बरोबर असेल आणि टँकमधले मासे नीट खात असतील, तर अ‍ॅनिमोनला वेगळं भरवलं नाही तरी चालतं. आठवड्यातून एकदा बाजारातली कच्ची कोळंबी, सोललेली, धुतलेली, तोंडाहून लहान तुकडा करून, चिमट्याने बोटांवर ठेवावी. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धवट पचलेला बाहेर येतो आणि पाणी नासवतो. मुलुंडला माझी निम्मी घरं शाकाहारी आहेत. फ्रिजमध्ये कोळंबी ठेवायची तर घरात महाभारत. त्यांना मी दाणेदार खाद्य देतो. त्यात मासळीच असते, पण डब्यावर चित्र रंगीत असल्याने ते स्वयंपाकघरात खपून जातं.

क्लाउनफिश अ‍ॅनिमोनमध्ये जाईलच याची हमी नाही. टँकमध्ये जन्मलेल्या माशाने अ‍ॅनिमोन कधी पाहिलेलंच नसतं. कधी तासाभरात शिरतो, कधी वर्षभर पंपाच्या कोपऱ्यात झोपतो. अ‍ॅनिमोनचं त्यावाचून अडत नाही. तरी जोडी जमली तर फायदा दोघांचा. मासा झुलत राहतो त्याने पाणी खेळतं, त्याच्या विष्ठेतला अमोनिया थेट शैवालाला मिळतो.

अ‍ॅनिमोन चालतं, हे लोकांना खरं वाटत नाही. एका रात्रीत टँकच्या या टोकाचं त्या टोकाला जातं. वाटेत वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, असेल तर त्यात ओढलं जातं, आणि सकाळी सगळा टँक दुधाळ. प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बसवल्याशिवाय मी अ‍ॅनिमोन पाण्यात सोडत नाही. चालायला लागलं की सगळे दिवा, प्रवाह, पाणी एकदमच बदलायला घेतात. मी म्हणतो, पाणी तपासा, बरं असेल तर हात खिशात घाला. चारपाच दिवसांत ते कपारीत पाय रोवतं. तोवर तुम्ही काल जे बदललंत त्यामुळे ते आज पुन्हा निघालं, असं होऊ नये.

टँकबाहेरच्या गोष्टींनीही अ‍ॅनिमोन जातात. गणपतीआधी सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. ती औषधं कीटकांसाठी बनवलेली असतात आणि खाऱ्या पाण्यातल्या बिनकण्याच्या प्राण्यांनाही ती सोडत नाहीत. त्या दिवशी टँक प्लास्टिकने झाका, हवेच्या पंपाला हवा दुसऱ्या खोलीतून द्या. डासांचा फवारा टँकच्या खोलीत कधीच नको. माशांना तांब्याचं औषध द्यायचं तर मासा वेगळ्या बादलीत काढून. तांबं अ‍ॅनिमोनला विष आहे. मखराचे फोकस टँककडे वळवू नका, हे सांगायला मला दर वर्षी फेरी मारावी लागते.

वायरमन म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं. टँकच्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कॅबिनेटच्या जमिनीवर टाकलेला दिसला, की मी अ‍ॅनिमोनचं काम बाजूला ठेवून आधी तो भिंतीला ठोकतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप बंद, मग हातमोजे.

सगळं जमून आलं तर बबल टिप एके दिवशी आपोआप दोन होतं. पाय दोन दिशांना ओढला जातो, मध्ये चीर पडते, काही तासांत दोन अर्धी अ‍ॅनिमोन, आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही गोल. लहान टँकमध्ये दोन-चार झाली की जागा पुरत नाही, शेजारच्या प्रवाळाला डसायला लागतात, तेव्हा एखादं कुणाला तरी द्यावं लागतं. ओढून काढू नका, पाय फाटला की ते सहसा वाचत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा घालून पायाच्या कडेला धरला, तर ते स्वतःच सुटतं. नाहीतर ज्या दगडावर बसलंय तो दगडच उचलून द्या. द्यायच्या आधी दोन दिवस खायला नको, नाहीतर पिशवीतच ओकतं. मासा त्याच पिशवीत घालू नका. आणि पिशवी बांधण्यापूर्वी मी नव्या मालकाकडून त्याच्या दिव्याचा फोटो आणि टँकची उंची मागवून घेतो, पहिल्या महिन्यात दिवा किती टक्क्यांवर ठेवायचा ते चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी पिशवीलाच रबराने अडकवून देतो.